पिंपांनी मोजलेली कारागिरी

अमेरिकेच्या आबकारी कायद्यात सन १९७६ मध्ये एक लहानशी दुरुस्ती झाली, आणि महसूल खात्याचे कारकून व बिअरचे कारखानदार यांच्यापलीकडे त्या वेळी तिची दखल फारशी कोणी घेतली असेल असे वाटत नाही. दुरुस्ती एवढीच होती की, ज्या कारखानदाराकडे वर्षाकाठी वीस लाख पिंपांहून अधिक बिअर तयार होत नाही, त्याने आपल्या पहिल्या ६०,००० पिंपांवर दर पिंपास नऊ डॉलरांऐवजी सात डॉलर कर भरावा. पिंप म्हणजे त्या देशाच्या हिशेबाने ३१ गॅलन, म्हणजे सुमारे ११७ लिटर. जुन्या, प्रांतोप्रांती विखुरलेल्या आणि एकामागून एक बंद पडत चाललेल्या लहान कारखानदारांना थोडा श्वास घेता यावा, एवढाच या सवलतीचा हेतू होता. परंतु पुढे तीस वर्षांनी, ‘क्राफ्ट’ म्हणजे कारागिरीची बिअर कोणती आणि ती करणारा कारागीर कोणास म्हणावे, याचा निर्णय करण्याची वेळ जेव्हा त्या व्यवसायातील मंडळींवर आली, तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्येच्या अग्रभागी हाच वीस लाख पिंपांचा आकडा आणून ठेवला. हाताचे कसब, नाकाची पारख आणि जिभेची स्मृती यांवर उभ्या असलेल्या एका विद्येची सरहद्द आखण्यासाठी जे माप उपयोगात आले, ते करवसुलीच्या दप्तरातले होते. आणि या विद्येच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात जे जे तंटे झाले, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते.

१८७३ साली अमेरिकेत बिअर बनविणारे ४,१३१ कारखाने होते. बिअर नाशवंत, वाहतूक संथ आणि बर्फ महाग, अशा त्या काळात गावची बिअर गावातच तयार होई, आणि ती करणारा बहुधा जर्मनीतून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाचा कर्ता असे. या जर्मन मंडळींना नव्या देशात एक अडचण आली. अमेरिकेत जे जव पिके ते सहा ओळींच्या कणसाचे, आणि त्यात प्रथिनांचे प्रमाण अधिक; त्यामुळे बिअर गढूळ आणि जड होई. मायदेशीच्या बिअरचा सोनेरी नितळपणा आणण्यासाठी त्यांनी जवाच्या जोडीला मका व तांदूळ वापरण्यास आरंभ केला. म्हणजे मका बिअरमध्ये प्रथम शिरला तो केवळ काटकसरीसाठी शिरला असे म्हणता येत नाही. हाती आलेल्या धान्यातून मनातली वस्तू कशी साधावी, या कारागिराच्या विचारातूनही तो आला. ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे या मक्यावरूनच मोठे रण माजले.

त्यानंतर आगगाड्यांना शीतपेटीचे डबे जोडले गेले, पाश्चरच्या संशोधनामुळे बाटलीतली बिअर महिनोन्महिने टिकू लागली, आणि मोठे कारखाने दूरदूरच्या गावांत आपला माल पाठवू लागले. १९२० च्या जानेवारीत संपूर्ण देशात दारूबंदी अमलात आली ती १९३३ पर्यंत टिकली, आणि या तेरा वर्षांत लहान कारखान्यांचा निर्वंश होण्याची वेळ आली. जे तगले ते आइस्क्रीम, माल्टचा पाक, यीस्ट किंवा मद्यार्क काढून घेतलेली फिकी बिअर विकून तगले. पेनसिल्व्हेनियातील पॉट्सव्हिल येथे १८२९ पासून चालत आलेल्या यूंगलिंग घराण्याने तर चक्क दुग्धालय काढले. बंदी उठल्यावर १९३५ मध्ये बिअर पत्र्याच्या डब्यातून विकली जाऊ लागली, युद्धानंतर दूरचित्रवाणीच्या जाहिराती आल्या, आणि ज्याच्यापाशी जाहिरातीचा पैसा त्याचाच माल दुकानात, असा न्याय सुरू झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बिअरच्या कारखान्यांची संख्या शंभराच्या खाली आली होती, आणि किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत मिळणारी बिअर रंगाने, वासाने व चवीने जवळजवळ एकच झाली होती.

या ओहोटीच्या काळात सॅन फ्रान्सिस्को शहरातील अँकर नावाचा एक मोडकळीस आलेला कारखाना १९६५ साली बंद पडण्याच्या बेतात होता. फ्रिट्झ मेटॅग हा स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेला, तिशीही न गाठलेला तरुण या कारखान्याची बिअर आवडीने पीत असे. कारखाना बंद होणार हे कानी आल्यावर तो तेथे गेला आणि काही हजार डॉलर मोजून त्याने त्याचा ५१ टक्के हिस्सा विकत घेतला. कपडे धुण्याच्या यंत्रांचा प्रसिद्ध कारखाना त्याच्या पणजोबांनी काढलेला, त्यामुळे घरी पैसा होता. पण त्याने जी वस्तू घेतली तिचा बाजारभाव पाहता हा सौदा केवळ ममत्वाचाच म्हणावा लागेल. अँकरची बिअर त्या वेळी वारंवार आंबट होई, गिऱ्हाईक ती परत पाठवी, आणि उपकरणे इतकी जुनाट की स्वच्छता राखणे दुर्घट.

या कारखान्याची ‘स्टीम’ बिअर हा कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचाच एक अवशेष होता. लागर जातीच्या बिअरचे यीस्ट थंडीत काम करते. त्यासाठी युरोपात तळघरे आणि बर्फ होता. सोन्याच्या शोधात लोक कॅलिफोर्नियात लोटले तेव्हा तेथे बर्फ दुर्मीळ होता, आणि यीस्ट मात्र लागरचेच हाताशी होते. तेव्हा त्या काळच्या लोकांनी ते सामान्यतः लागरला मानवते त्याहून उबदार हवेत, सुमारे १५ ते १८ अंशांवर, किण्वनास लावले आणि त्यासाठी उथळ, विस्तीर्ण, उघड्या तोंडाच्या टाक्या वापरल्या, जेणेकरून किण्वनाची ऊब पसरट पृष्ठभागावरून निघून जावी आणि समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या गार हवेने बिअर निवावी. नंतर, अर्धवट आंबलेला ताजा रस त्या बिअरमध्ये घालून तिला नैसर्गिक फेस आणला जाई. उणिवेतून निघालेली ही पद्धती मेटॅगने जशीच्या तशी जतन केली. परंतु तिच्याभोवतीचे सारे बदलले. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट तपासण्याचा परिपाठ घातला, साखरेची व अन्य धान्यांची भर काढून टाकून केवळ जवाच्या माल्टची बिअर सुरू केली, आणि १९७१ मध्ये ती बाटलीत भरून विकण्याइतकी निर्दोष झाली तेव्हाच बाजारात पाठविली. परंपरा जपणे आणि तिच्यातील सदोष भाग निर्दयपणे काढून टाकणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. क्राफ्ट हा शब्द ज्या कामाला पुढे लाभला, त्या कामाचा इतका शुद्ध नमुना मला दुसरा आढळत नाही.

मेटॅगला निदान मोडका का होईना, एक कारखाना मिळाला होता. जॅक मॅकॉलिफ याला तोही नव्हता. अमेरिकी नौदलात असताना स्कॉटलंडच्या होली लॉख येथील तळावर त्याची नेमणूक झाली, तेथे त्याने ब्रिटिश एल व पोर्टर चाखली, आणि मायदेशी परतल्यावर ती आपल्याला मिळत नाही म्हणून ती स्वतःच करावी असे त्याने ठरविले. १९७६ मध्ये सोनोमा येथे त्याने सूझी स्टर्न व जेन झिमरमन या दोघींच्या सहकार्याने ‘न्यू अल्बियन’ हा कारखाना उभारला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला सोळाव्या शतकात सर फ्रान्सिस ड्रेकने हेच नाव दिले होते. इतक्या लहान प्रमाणावर बिअर करण्याची उपकरणे त्या काळी बाजारात कोणी विकतच नसे. म्हणून सरबताचा पाक साठविण्याची पंचावन्न गॅलनची पिंपे आणून, ती कापून व जोडून, मॅकॉलिफने आपल्या हातांनी सारा कारखाना रचला. बिअर उत्तम होती आणि वर्तमानपत्रांतून तिची वाहवाही झाली. परंतु आठवड्याला जेमतेम काही पिंपे निघणाऱ्या त्या कारखान्यातून चरितार्थ चालेना, विस्तारासाठी कोणी कर्ज देईना, आणि १९८२ मध्ये त्याला कुलूप लागले. त्याची उपकरणे आणि यीस्ट जवळच्या हॉपलंड गावातील मेंडोसिनो या नव्या कारखान्याने घेतले. या मेंडोसिनोची सूत्रे १९९७ मध्ये बंगळूरच्या विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाकडे आली, आणि अशा रीतीने अमेरिकेतील पहिल्या आधुनिक लघुकारखान्याचा वारसा एका भारतीय मद्यसाम्राज्याच्या खतावणीत जमा झाला, ही फारशी कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट आहे.

दरम्यान, कायद्यातला एक जुना अन्याय दूर झाला होता. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरच्या घरी द्राक्षासव करण्यास मुभा मिळाली, पण घरी बिअर करण्याचे कलम राहून गेले, आणि पंचेचाळीस वर्षे हे कृत्य गुन्हाच राहिले. कॅलिफोर्नियाचे सिनेटर अॅलन क्रॅन्स्टन यांनी सुचविलेल्या दुरुस्तीसह जो कायदा १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने मंजूर झाला, त्याने एका प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर विनाकर, घरच्या वापरासाठी करण्याची मोकळीक दिली. हाही आबकारीचाच कायदा होता. त्याच वर्षी कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पपाझियन या शाळामास्तराने घरी बिअर करणाऱ्यांची संघटना स्थापिली. यापुढच्या दोन दशकांत जे जे नवे कारखानदार उदयास आले, त्यांतील कितीतरी जणांनी आपले पहिले धडे स्वयंपाकघरातल्या शेगडीवर, एखाद्या मोठ्या पातेल्यात गिरविलेले होते.

त्यांपैकी सर्वांत भाग्यवान केन ग्रॉसमन. चिको गावात घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालविता चालविता त्याने पॉल कॅमुसी याच्यासह सिएरा नेव्हाडा हा कारखाना काढला, दुग्धशाळांतील टाकाऊ टाक्या जोडून तो उभा केला, आणि १९८० च्या नोव्हेंबरात पहिली बिअर शिजविली. त्याच्या पेल एलचा प्राण म्हणजे कॅस्केड नावाचे हॉप. हॉप ही एक वेल; तिच्या शंकूसारख्या फुलांतील राळ बिअरला कडवटपणा आणि सुवास देते. कॅस्केडची पैदास १९५६ मध्ये ओरेगन येथील सरकारी कृषिसंशोधनातून झाली आणि १९७२ मध्ये ते लागवडीसाठी खुले करण्यात आले. त्याला संत्र्या-पपनसाच्या सालीचा जो उग्र दरवळ येतो तो युरोपातील प्रतिष्ठित हॉप्सना येत नाही. सौम्य सुगंधाच्या उपासकांना तो दोषच वाटे. मेटॅगने १९७५ मध्ये आपल्या ‘लिबर्टी एल’मध्ये हेच हॉप भरपूर घातले, आणि ग्रॉसमनने त्या वासालाच आपल्या बिअरची ओळख केले. पुढे या वाटेने जाता जाता अमेरिकी कारागीर ज्या प्रकारापाशी पोहोचले आणि जो आज त्यांच्या चळवळीचे निशाण झाला आहे, त्याच्या नावात आपल्या देशाचे नाव आहे: इंडिया पेल एल. कंपनी सरकारच्या अमदानीत लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन आपली कडवट, फिकी बिअर जहाजांच्या कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर देई, आणि ती कलकत्ता, मद्रास व मुंबई बंदरांत उतरे. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉपने हा व्यापार त्याच्याशी स्पर्धा करून आपल्याकडे ओढला. मुंबईच्या गोदीत उतरलेल्या त्या पिंपांचे नाव दीडशे वर्षांनी पॅसिफिकच्या काठी पुन्हा जिवंत व्हावे, यात मला इतिहासाच्या प्रवाहाचे एक मनोहर वळण दिसते.

आता नावाचा प्रश्न. प्रथम या कारखान्यांना ‘मायक्रोब्रुअरी’, म्हणजे सूक्ष्म कारखाना म्हणत, आणि त्याची मर्यादा वर्षाला १०,००० पिंपे, पुढे १५,००० पिंपे अशी धरीत. परंतु सूक्ष्म वस्तू नीट वाढली की ती सूक्ष्म राहत नाही, आणि ग्रॉसमनचा कारखाना तर झपाट्याने वाढत होता. म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यास व्हिन्स कॉटन या वायव्य अमेरिकेतील लेखकाने वापरलेला ‘क्राफ्ट ब्रुअरी’ हा शब्द सर्वांना सोयीचा वाटला. लहानपणाच्या जागी गुण आला. पण गुणाला साक्षीदार कोण? याच सुमारास, १९८४ मध्ये, जिम कोक याने बॉस्टन बिअर कंपनी काढली आणि आपल्या खापरपणजोबांच्या कृतीवरून ‘सॅम्युएल अॅडम्स’ ही लागर बाजारात आणली. ती बनविली जाई मात्र पिट्सबर्गच्या एका जुन्या कारखान्यात, भाडेकराराने. ज्यांनी स्वतःच्या हातांनी टाक्या सांधल्या होत्या त्यांना हे मुळीच रुचले नाही. कृती आणि कच्चा माल एकाचा, टाकी आणि कामगार दुसऱ्याचे, तर कारागीर कोण, असा त्यांचा सवाल होता. कोकचे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रांधले म्हणून स्वयंपाक्याचे कौशल्य उसने ठरत नाही. मला कोकचा दृष्टान्त अर्धाच पटतो, कारण स्वयंपाक्याने तेथे स्वतः चुलीपाशी उभे असले पाहिजे. परंतु त्याची बिअर चांगली होती, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता आले नाही.

अन्य देशांनी हा तिढा निराळ्या रीतीने सोडविला होता. बव्हेरियाच्या ड्यूकने २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे फर्मान काढून बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांवाचून काही घालू नये असे ठरविले. व्याख्या पदार्थांत बसविली. गहू भाकरीसाठी राखावा हाही त्यात एक हेतू होता, आणि तरीही गव्हाची बिअर करण्याचा मक्ता पुढे राजघराण्यानेच आपल्याकडे घेतला. १९७१ मध्ये चार इंग्रज मित्रांनी सुरू केलेल्या ‘कॅमरा’ या संघटनेने व्याख्या भांड्यात बसविली: ज्या पिंपातून बिअर ग्राहकाला वाढली जाते त्याच पिंपात तिचे दुसरे किण्वन झालेले असले पाहिजे, आणि बाहेरून वायू भरलेला नसला पाहिजे. या दोन्ही व्याख्या संकुचित आहेत. परंतु पेला हातात घेऊन त्यांची परीक्षा करता येते.

अमेरिकेची व्याख्या अशी परीक्षा करू देत नाही. १९४२ मध्ये, युद्धकालीन टंचाईत लहान कारखानदारांची बाजू मांडण्यासाठी स्थापन झालेली जुनी संस्था आणि पपाझियनची नवी संस्था या दोहोंचे २००५ मध्ये विलीनीकरण होऊन ‘ब्रुअर्स असोसिएशन’ अस्तित्वात आली, आणि तिने क्राफ्ट कारखानदाराची तीन लक्षणे जाहीर केली. तो लहान असावा, म्हणजे वीस लाख पिंपांच्या आत. तो स्वतंत्र असावा, म्हणजे क्राफ्टबाहेरच्या मद्यव्यावसायिकाचा त्यात २५ टक्के वा अधिक हिस्सा नसावा. आणि तो परंपरानिष्ठ असावा, म्हणजे त्याची बिअर मुख्यत्वे माल्टची असावी आणि मका-तांदूळ घातलाच तर तो चव फिकी करण्यासाठी घातलेला नसावा. डिसेंबर २०१२ मध्ये या संस्थेने मोठ्या कंपन्यांच्या क्राफ्टचे सोंग घेणाऱ्या बिअरींविरुद्ध एक कडक पत्रक काढले, आणि त्यासोबत क्राफ्ट नसलेल्यांची जी यादी प्रसिद्ध केली तीत यूंगलिंग आणि मिनेसोटातील न्यू उल्म येथील, १८६० पासून एकाच घराण्याच्या हाती असलेला ऑगस्ट शेल हे कारखाने घातले, कारण त्यांच्या बिअरमध्ये मका होता. शेल घराण्याने याला जे उत्तर दिले त्यातील तळमळ आजही जाणवते. आमच्या पूर्वजाने मका वापरला तो स्वस्त म्हणून वापरला नाही. त्याच्या जवाने त्याला तसे करावयास लावले, आणि त्याने घालून दिलेल्या परंपरेला आम्ही धरून आहोत म्हणून तुम्ही आम्हाला परंपराहीन ठरविता, असा त्या कैफियतीचा आशय होता. ज्या वर्गातील जुन्या, लहान कारखानदारांसाठी १९७६ ची सवलत मिळविली गेली, त्याच वर्गातील माणसांना त्या सवलतीच्या आकड्यावर उभ्या राहिलेल्या व्याख्येने दाराबाहेर उभे केले होते. २०१४ मध्ये संस्थेने आपली चूक सुधारली आणि मक्याचे कलम सैल केले. दाराबाहेर काढलेले यूंगलिंग एका रात्रीत देशातील सर्वांत मोठ्या क्राफ्ट कारखान्यांत गणले जाऊ लागले.

लहानपणाचे कलम त्याआधीच ताणले गेले होते. बॉस्टन बिअर कंपनी वीस लाख पिंपांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली तेव्हा, २०११ च्या आरंभी, संस्थेने मर्यादा तिप्पट करून साठ लाखांवर नेली. आणि हा आकडाही आकाशातून पडला नव्हता. आदल्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर जॉन केरी यांनी आबकारी सवलतीसाठी लहान कारखानदाराची मर्यादा साठ लाखांवर नेण्याचे विधेयक मांडले होते. पुढे त्याच कंपनीचा बहुतांश धंदा सफरचंदाची सायडर, मद्ययुक्त चहा आणि फसफसते मद्यजल यांत जाऊ लागला, तेव्हा २०१८ च्या अखेरीस परंपरेचे तिसरे लक्षणच गळले, आणि त्याच्या जागी, कारखानदाराकडे बिअर बनविण्याचा सरकारी परवाना असावा व त्याने बिअर बनवावी, एवढी माफक अट आली. मधल्या काळात, २०१७ च्या अखेरीस, ज्या तरतुदींच्या नावातच क्राफ्ट हा शब्द होता त्या करकायद्यात समाविष्ट झाल्या: लहान कारखानदाराच्या पहिल्या ६०,००० पिंपांवरील कर साडेतीन डॉलरांवर आला, आणि बाकी सर्वांना, अगदी सर्वांत बलाढ्य कंपनीलासुद्धा, पहिल्या साठ लाख पिंपांवर अठराऐवजी सोळा डॉलर असा दर मिळाला. चाळीस वर्षांपूर्वी दप्तरात जन्मलेला आणि पुढे कारागिरीकडे गेलेला आकडा कारागिरीचे नाव घेऊन दप्तरात परत आला होता.

राहिले स्वातंत्र्य. मार्च २०११ मध्ये शिकागोचा गूज आयलंड हा १९८८ पासूनचा नामांकित कारखाना आनहायझर-बुश या बलाढ्य कंपनीने ३ कोटी ८८ लाख डॉलरांना घेतला, आणि त्या दिवसापासून त्याची बिअर क्राफ्ट राहिली नाही. टाक्या त्याच, कृती त्याच, बर्बनच्या पिंपांत मुरविलेली ती काळीभोर स्टाउटही तीच. उलट बाजूस, कूर्स कंपनीने १९९५ मध्ये काढलेली, संत्र्याची साल आणि धने घातलेली ‘ब्लू मून’ आपण क्राफ्ट समजून पीत होतो, आपली फसवणूक झाली, असा दावा कॅलिफोर्नियातील एका ग्राहकाने २०१५ मध्ये लावला, आणि न्यायालयाने तो फेटाळला. आधी चाखून मग कारखानदाराचे नाव विचारणाऱ्याला ही व्याख्या अन्याय्य वाटेल. तरीही, पुष्कळ विचार करून, मला या एका कलमाची बाजू घ्यावीशी वाटते. अमेरिकेत कारखानदार, घाऊक वितरक आणि दुकानदार असे तीन टप्पे बंदी उठल्यावर पाडले गेले, आणि लहान कारखानदाराचा गळा आवळला जातो तो मधल्या टप्प्यावर: वितरकाच्या गाडीत आणि दुकानाच्या फळीवर कोणाच्या बिअरला जागा मिळेल, हे मोठी कंपनी ठरवू शकते, आणि तिच्याच पिशवीत चार ‘क्राफ्ट’ नावे असतील तर पाचव्याला जागा उरत नाही. मालकी चवीत उतरत नाही हे खरे. पण कोणती चव आपल्यापर्यंत पोहोचावी हे मालकी ठरविते. संस्थेने प्रारंभापासून ‘स्वतंत्र’ हाच शब्द निशाणावर लिहिला असता, तर शेल घराण्याचा अपमान टळला असता आणि कारागिरी हा शब्द, ज्याला मापच नाही, पिंपांनी मोजण्याची पाळी आली नसती. जून २०१७ मध्ये उलट्या बाटलीचे चिन्ह असलेली स्वातंत्र्याची मोहोर तिने अखेर काढली. तोवर, २०१५ मध्येच, देशातील कारखान्यांच्या संख्येने १८७३ चा ४,१३१ चा उच्चांक ओलांडला होता, आणि पुढे ती नऊ हजारांवर गेली.

आपल्याकडे ही लाट उशिरा आली. महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून ओळखली जाणारी ‘डूलाली’ २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. नाव परके वाटले तरी ते नाशिकजवळच्या देवळालीचे आहे. मायदेशी परतणारे गोरे शिपाई तेथील छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहत. त्या रिकामपणात आणि तापात ज्यांचे चित्त भ्रमे, त्यांच्याविषयी इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा वाक्प्रचार रूढ झाला, आणि त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. विलायतेस गेलेला हा शब्द बिअरच्या पेल्यावर बसून शंभराहून अधिक वर्षांनी मराठी मुलखात परत आला. ज्या कायद्याच्या छत्राखाली अशा कारखान्यांना परवाने मिळतात, तो कायदा १९४९ चा आहे आणि त्याच्या नावात आजही दारूबंदी हा शब्द आहे. आबकारीच्या दप्तराशी कारागिराची गाठ कशी पडते, हे समजण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोस जाण्याची गरज नाही.

परंतु कथा जेथे सुरू झाली तेथे तिला परतावे लागेल. १९७९ मध्ये मेटॅगने अँकरचा कारखाना पोट्रेरो टेकडीवर नेला आणि तेथे जर्मनीहून आणलेल्या तांब्याच्या कढया बसविल्या. २०१० मध्ये त्याने तो विकला. ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याची मोहोर निघाल्यावर दुसऱ्या महिन्यात, नव्या मालकांनी तो जपानच्या सापोरो कंपनीस दिला. ज्या कारखान्यामुळे या साऱ्या चळवळीला आरंभ झाला, त्याला ती मोहोर लावण्याचा अधिकार त्याच उन्हाळ्यात गेला. कामगारांनी २०१९ मध्ये संघ स्थापिला. जुलै २०२३ मध्ये कारखाना बंद झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यांनीच सहकारी तत्त्वावर तो विकत घेण्याची खटपट केली, पण ती फळास आली नाही. २०२४ च्या मे महिन्यात दह्याच्या व्यवसायात नाव मिळविलेल्या हमदी उलुकाया यांनी तो घेतला. ‘स्टीम बिअर’ या नावाचा व्यापारी हक्क अँकरने फार पूर्वीच नोंदविलेला असल्यामुळे, त्या पद्धतीने उथळ टाकीत बिअर आंबविणाऱ्या इतर सर्व कारागिरांना आपल्या बाटलीवर ‘कॅलिफोर्निया कॉमन’ असेच लिहावे लागते.